उणे गिळणारा आवाज

आमच्या धंद्यात नव्याने आलेल्या इंजिनियरला पहिली ताकीद मिळते ती ही, की डोळे झाकून सही करायची नाही. मी स्वतः ती अनेकांना दिली आहे आणि आवाज चढवून दिली आहे. आता माझे डोळेच मिटल्यात जमा आहेत, आणि सही मी अजून करते. ज्यांना हळहळायचं असेल त्यांनी खुशाल पान उलटावं. पुढे एखादी चांगली कथा असेल.

मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे. घर दिसेल कसं हे आर्किटेक्ट ठरवतो, ते उभं कसं राहील हे आम्ही. पैकी लोकांना लक्षात राहतो तो आर्किटेक्ट. आमची आठवण फक्त तडा गेला की येते. जन्म लालबागचा, वडील गिरणीत, आणि ऑफिस दादरला. तिथे मी आणि माझा भागीदार परांजपे जुन्या इमारतींची तपासणी करतो, कुठे काय फोडायचं आणि नव्याने काय भरायचं ते ठरवतो. परांजपे कॉलेजपासूनचा वर्गमित्र. नकाशावर सही त्याची आणि हिशेबावर माझी, अशी आमची वाटणी पहिल्यापासूनची. हिशेब म्हणजे पैशाचा नव्हे. कोणत्या भागावर किती भार येणार, तो किती वाकणार, त्यात किती जाडीची सळई घालायची, हा हिशेब.

माझ्या डोळ्यांच्या पडद्याला एक आजार आहे. नजर कडेकडून आत आत मिटत येते. आधी दारांच्या चौकटी खांद्याला लागू लागल्या, मग जिन्याची शेवटची पायरी हरवली. पण मला खरी धडकी भरली ती ऑफिसात, कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा माऊसचा बाण दिसेनासा झाला तेव्हा. शिजवलेल्या भातात पांढरा खडा शोधावा तशी मी तो बाण शोधत बसायची. गणित डोक्यात तयार असायचं आणि बोटं नुसती अडकून पडायची.

परांजप्याने काही दिवस पाहिलं आणि एका दुपारी चहा घेऊन माझ्यासमोर येऊन बसला.

"सुलभा, तू आता सल्लागार म्हणून बस. क्लायंट येतील, त्यांना समजावून सांग. हिशेबाचं मी बघतो."

"सल्लागार म्हणजे काय करायचं?"

"सल्ला द्यायचा."

"आणि कोणी मागितलाच नाही तर?"

तो चहा ढवळत राहिला. त्यात साखर नव्हती, त्याला डायबेटिस आहे. मला फार लागलं ते. तो वाईट वागला असता तर कडाकडा भांडता आलं असतं, पण तो माझ्यासाठी खिडकीजवळची चांगली खुर्ची मोकळी करत होता. मी घरी जाऊन रडले आणि दुसऱ्या दिवशी कांबळेसरांचा क्लास शोधून काढला.

कांबळेसर वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान, वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेले आणि जन्मापासून अंध. दादरला माझ्यासारख्या नव्याने नजर गेलेल्यांना ते कॉम्प्युटर शिकवतात. शाळेत त्यांना गणित सोडून संगीत घ्यायला सांगितलं होतं. "मला तबला वाजवता येत नाही मॅडम," ते म्हणाले, "इंटिग्रेशन येतं." त्यांचं पुढचं वाक्य होतं, "उंदीर मेला असं समजा. आजपासून फक्त कीबोर्ड."

त्यांनी मला कॅल्क्युलेटरचा एक प्रोग्रॅम दिला. कॅल्क्युलेटर म्हटलं की बटणांचा चौकोन डोळ्यासमोर येतो, तसं इथे काही नाही. एक रिकामी ओळ असते. तिच्यात अख्खं गणित टाइप करायचं आणि एंटर दाबायचं, की खाली उत्तर. वर जाणारा बाण दाबला की मागचं गणित जसंच्या तसं परत येतं, त्यातला एक आकडा बदलायचा की पुन्हा एंटर. आकड्यांना नावं देता येतात. खोलीतल्या भाराला मी ‘घर’ म्हणते आणि गॅलरीतल्या भाराला ‘गॅलरी’, म्हणजे गणित वाचताना वाक्य वाचल्यासारखं वाटतं. समीकरणं सोडव म्हटलं तर सोडवतो, इंटिग्रेशन कर म्हटलं तर करतो. आणि या सगळ्यात माऊसला हात लावावा लागत नाही. पडद्यावर उमटलेलं दुसरा एक प्रोग्रॅम मोठ्याने वाचतो, ते मी हेडफोनमधून ऐकते.

तो आवाज कोरडा आहे, रेशन दुकानातल्या माणसासारखा. सुरुवातीला मराठीतले आकडे ऐकून मी हैराण झाले. सदुसष्ट की सत्त्याहत्तर, एकोणऐंशी की एकोणनव्वद, घाईत काही कळायचं नाही आणि इमारतीला दहाचा फरक सोसत नाही. मग सरांनी एकेक अंक सुटा वाचायला लावला. सहा, सात. सात, सात. त्यात चुकायला जागा राहत नाही.

अँटॉप हिलच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी तेव्हा आमच्याकडे आले होते. मला हेडफोन लावून टेबलावर बोटं चालवताना त्यांनी पाहिलं आणि परांजप्याला हळूच म्हणाले, "बाईंचं गाणं संपलं की बोलू." माझ्या एका कानावर हेडफोन नव्हता. मी म्हटलं, "गाणं तुमच्या गच्चीवरच्या टाकीचं आहे. बेसूर आहे जरा, खालचा कॉलम बदलावा लागेल." गृहस्थ नंतर प्रत्येक भेटीत माझ्याशी फार जपून बोलायचे.

सरांनी दिलेली आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. एकदा मी एक उत्तर ‘वजा चार’ असं म्हटलं, तर त्यांनी मला थांबवलं. "आमच्या शाळेतल्या बाई म्हणायच्या, वजा ही करायची गोष्ट, उणे ही असायची गोष्ट. दहातून चार तुम्ही वजा करता. पण उणे चार हा आकडा आपणहून उणे असतो, तुम्ही काही करा नाहीतर करू नका." मला हे इतकं आवडलं की उत्तरातल्या त्या आडव्या रेघेला ‘उणे’ म्हणायचं असं आम्ही त्या आवाजाला शिकवलं. लहानपणी शाळेत शिकलेला शब्द कानात वाजायला लागला आणि मला जरा घरच्यासारखं वाटलं.

माझी तयारी झाल्यावर मी परांजप्याकडे गेले. म्हटलं, मला सल्ला द्यायचा नाही, मला हिशेब करायचाय. त्याने ढिगातली एक फाईल ओढून माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाला, "ठीक आहे. ठाकूरद्वारची गॅलरी आलीय, ती पूर्ण तू कर. तुझं झालं की मी बसून सगळं तपासीन. एक जरी आकडा चुकला ना सुलभा, तर यापुढे हिशेबावरची सही पण माझी."

"चालेल," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

गिरगावात ठाकूरद्वारच्या एका वाडीत रस्त्याला लागून असलेल्या इमारतीची ती पहिल्या मजल्यावरची गॅलरी. तिच्या पोटाचं सिमेंट गळून सळ्या उघड्या पडल्या होत्या आणि गंज आत खोलीच्या जमिनीत शिरला होता. खोलीची जमीन आणि गॅलरी मिळून एकच सलग स्लॅब, मध्ये भिंत. भिंतीच्या आतली खोली, बाहेर अधांतरी गॅलरी. त्या खोलीत राणेकाका राहतात. मालवणकडचे, गिरणी बंद पडल्यावर एका प्रेसमध्ये नोकरी करून निवृत्त झालेले.

"बाई, माझी आवस हयसरच उभी ऱ्हवान इसर्जन बघायची," त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. "गॅलरी अनंत चतुर्दशीच्या आधी व्हयी. बाकी काय ता तुमी बघा."

गिरगावात रस्त्यावरच्या गॅलरीचा मान अनंत चतुर्दशीला कळतो. चौपाटीकडे जाणारे गणपती दारावरून जातात आणि एरवी कधी न फिरकणारे नातेवाईकसुद्धा त्या दिवशी चौकशी करत येतात.

आता थोडं आमच्या धंद्यातलं. काँक्रीट दाबलेलं सोसतं, ताणलेलं सोसत नाही. म्हणून जिथे ताण येणार तिथे सळई घालायची. खोलीचा स्लॅब दोन भिंतींवर टेकलेला असतो, तो मध्ये खाली झोळ घेतो आणि पोटाकडून ताणला जातो. तिथे सळ्या खाली. या ताणाला आम्ही अधिक धरतो. गॅलरीचं उलट असतं. हात आडवा पुढे करून त्यात पाण्याची बादली धरा, खांदा वरच्या अंगाने ताणला जातो. गॅलरीही भिंतीपाशी पाठीकडून ताणली जाते. तिथे सळ्या वर, आणि या ताणाला उणे. बांधकामावर सळई वरची खाली गेली आणि गॅलरी माणसांसकट उतरली, असं घडलेलं आहे. म्हणजे आमच्याकडे उणे हे चिन्ह नसतं, ती सळईची जागा असते.

माझ्यापुढे प्रश्न होता तो वरच्या सळ्या भिंतीपासून खोलीत किती आतपर्यंत न्यायच्या हा. खोलीच्या मध्यावर उत्तर अधिक असेल तर तिथे खालच्या सळ्या काम करतात आणि वरच्या अलीकडेच थांबवता येतात. तेवढीच खोली फोडावी लागते, राण्यांना घर रिकामं करावं लागत नाही. नेहमीच्या भारांवर उत्तर स्पष्ट अधिक येत होतं. मग मला राणेकाकांची आई आठवली. मी विसर्जनाचा दिवस धरून बघायचं ठरवलं. खोलीत एकही माणूस नाही, सगळे गॅलरीत. कपाट, पलंग मी मोजत नाही, कपाट काय, उद्या विकतील.

‘घर’ शून्य केलं, ‘गॅलरी’ वाढवली. खोलीच्या मध्याचं उत्तर ऐकलं. आकडा लहान होता, पण अधिक. बरं वाटलं. सळ्या अलीकडे थांबवायला हरकत नव्हती. दुसरी कोणी असती तर तिथेच थांबली असती असं मी म्हणणार नाही, मीच थांबले होते. राणेकाकांना खोली सोडावी लागणार नाही हे सांगायला फोन हातात घेतला होता.

पण एका उत्तरावर सही करायची नाही ही माझी जुनी खोड आहे. फोन ठेवला आणि भार हलका करून पुन्हा हळूहळू चढवत नेला, उत्तराची चाल ऐकायला. वरचा बाण, आकडा बदल, एंटर. दशांश सोडून सांगते. आठ. पाच. दोन. मग एक. मग चार. मग सात.

माझे हात थांबले. गॅलरीत माणसं वाढली की खोलीचा मध्य हलका व्हायला हवा, कारण गॅलरी त्याला वर उचलत असते. आठ, पाच, दोन, इथपर्यंत उत्तर शहाण्यासारखं उतरत होतं. मग ते परत चढायला का लागलं? माणूस जिना उतरता उतरता मध्येच चढायला लागत नाही, मात्र तळमजला ओलांडून तळघरात शिरला तर मजल्याचे आकडे पुन्हा एकपासून वाढतात. दोननंतरचं एक हे एक नव्हतंच, उणे एक होतं. पुढे उणे चार आणि उणे सात. आवाजाने उणे गिळलं होतं. भिंतीपाशीचं उत्तरही मी तसंच ऐकलं होतं, बिनउण्याचं. पण तिथे ते उणे असणारच हे इतकं ठाऊक होतं की कानाने मागितलं नाही आणि मनाने परस्पर भरून घेतलं.

कांबळेसरांना फोन लावला. त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि म्हणाले, "मॅडम, कॅल्क्युलेटरचा प्रोग्रॅम नवा टाकलात का हल्ली?" टाकला होता. "मग झालं. आपण कीबोर्डवरून टाइप करतो ती छोटी रेघ. नवा प्रोग्रॅम उत्तरात मोठी रेघ काढतो, पुस्तकात छापतात तशी. डोळस माणसाला दोन्ही सारख्याच दिसतात. पण मशीनसाठी ती दोन वेगळी अक्षरं. छोटीला उणे म्हणायचं हे आपण शिकवलं, मोठीला नावच दिलं नाही. नाव नाही म्हणून वाचलं नाही."

"सर, ही चूक जगात आपल्याखेरीज कोणी करू शकणार नाही," मी म्हटलं.

"आपल्याखेरीज कोणी पकडूही शकणार नाही," ते म्हणाले. "आता नाव द्या तिला."

मोठ्या रेघेलाही नाव दिलं. पुन्हा तीच ओळ चालवली. आठ, पाच, दोन, उणे एक, उणे चार, उणे सात. इतकं नीरस बोलणं मी इतक्या आनंदाने कधी ऐकलं नसेल. विसर्जनाच्या दिवशी खोलीचा मध्यसुद्धा पाठीकडून ताणला जाणार होता. वरच्या सळ्या पलीकडच्या भिंतीपर्यंत न्यायला हव्या होत्या.

आता परांजप्याला सांगायचं की नाही? बरोबर आलेलं उत्तर पुढे ठेवलं असतं तर त्याला कळलंही नसतं. पण जो आवाज आज मोठी रेघ गिळतो तो उद्या आणखी काही गिळू शकतो, आणि ज्या माणसाबरोबर एका कागदावर सही करायची त्याला हे माहीत असायला हवं. मी त्याच्या टेबलाशी जाऊन सगळं सांगितलं.

त्याने मला घाबरवून टाकणारा प्रश्नच विचारला. "आणि पुढच्या वेळी दुसरं काही गिळलं तर?"

"तर उत्तराची चाल बिघडेल आणि मला ऐकू येईल. एका उत्तरावर मी डोळे होते तेव्हाही सही केली नाही. परांजपे, डोळे गेलेत. खोड गेलेली नाही."

कागद ओढून त्याने हाताने सगळं पहिल्यापासून केलं. पेन्सिल बराच वेळ कुरकुरत होती. मी समोर बसून राहिले, कॉलेजच्या तोंडी परीक्षेला बसावं तशी. शेवटी पेन्सिल थांबली.

"उणे सात," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "मी तपासताना घर रिकामं धरलं असतं का, सांगता येत नाही मला. सगळीकडे सारखा भार धरायची सवय झालीय." आणि मग नेहमीच्या आवाजात, "राण्यांची सगळी खोली फोडावी लागणार हे कोण सांगणार?"

"मी. हिशेब माझा आहे."

राणेकाका भडकलेच. "गॅलरीचा काम हा मा? मग माझी खोली कित्याक फोडतास? चतुर्थी दोन म्हयन्यार इली. खय जावचा आमी?"

"काका, विसर्जनाच्या दिवशी तुमच्या घरात कोण असतं?"

"घरात? घरात कोण नाय. सगळी भायर, गॅलरीत."

"म्हणूनच," मी म्हटलं. त्यांचा हात धरून टेबलावर ठेवला, फूटपट्टीचा एक भाग टेबलाबाहेर काढला आणि बाहेरच्या टोकावर त्यांचंच बोट दाबायला लावलं. आतलं टोक उचललं गेलेलं त्यांना दिसलं. मला पट्टीच्या आवाजावरून कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाडबिस्तरा मुलीकडे हलवला.

स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी मी जागेवर गेले. सळ्यांवरून हात फिरवत भिंतीपासून भिंतीपर्यंत गेले आणि प्रत्येक ठिकाणी नकाशे काढणाऱ्या आमच्या ड्राफ्ट्समनला विचारलं, "वर की खाली?" तो "वर" म्हणायचा आणि माझा हातही वर म्हणायचा. हिशेबाच्या कागदावर मी सही केली. सहीसाठी मी पुठ्ठ्याला चीर पाडून घेतली आहे, ती कागदावर ठेवते आणि तिच्या आत पेन चालवते. सही पूर्वीपेक्षा देखणी येते असं परांजपे म्हणतो.

नकाशा मात्र आता मला दिसत नाही. निळ्या रेघांचा मोठा कागद टेबलावर पसरून त्यावर वाकायचं, हे सुख गेलं. त्याचं वाईट वाटतं आणि वाटत राहील. त्यावर काही उपाय कांबळेसरांकडेही नाही.

अनंत चतुर्दशीला राणेकाकांचा आग्रहाचा फोन आला. मी आणि परांजपे गेलो. जिन्यापासूनच ताशांचा आवाज छातीत घुसत होता. खोलीत शिरलो तर तिथे आमचे दोघांचेच पाय वाजत होते. सगळं बिऱ्हाड, सगळे पाहुणे आणि वाडीतले निम्मे लोक बाहेर गॅलरीत होते. मी कागदावर धरला होता तसाच तो भार, फक्त आता तो ‘मोरया’ म्हणत होता.

परांजपे खोलीच्या मध्यावर उभा राहिला. मला कळलं तो तिथे का उभा राहिला. खोलीत जितकं वजन, तितका आधार. त्याचा हिशेब बरोबर होता.

"बाई, भायर येवा," राणेकाकांनी हाक मारली. "मोठो गणपती इलो बघा. तुमका दिसाचा नाय, पण येवा."

मी परांजप्याचा हात धरला. एरवी कुठेही जाताना तो माझा धरतो. "चल," मी म्हटलं, "उण्याच्या बाजूला उभं राहू." आणि उंबरा पायाने चाचपून मी त्याला बाहेर घेऊन गेले.